आठांतलं एक

आर्लिस मन्सीने मला मागणी घातली ती मार्चमध्ये, आणि ऑक्टोबर उजाडला तरी आमचं लग्न काही लागेना. कारण विचाराल तर हसाल. कुंडली जुळत नव्हती, पोरं आडवी येत होती, पाद्री रुसला होता, असलं काही नाही. नवऱ्यामुलाला रिव्हॉल्व्हर ठरवता येत नव्हतं.

हसू नका. आमच्या बटरमिल्क खोऱ्यात माणसं चर्च बदलतात, पक्ष बदलतात, बायकासुद्धा बदलतात, पण रिव्हॉल्व्हर बदलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यात आर्लिस म्हणजे कळस. जन्मभर खाणीत वीजतारा ओढल्या, पैसा साठला तो सगळा रिव्हॉल्व्हरांत. बरं, तीही सगळी एकाच मापाची, चार इंची नळीची. दोन इंची नळी खिशात घालून मिरवायची, सहा इंची भिंतीवर टांगून मिरवायची, आणि चार इंची संसारी माणसाची. हे त्याचं म्हणणं. अशी आठ संसारी लेकरं त्याने बहिणीच्या घरात, माळ्याखालच्या खोलीत पोसली होती.

आणि मी त्याला सांगितलं होतं, "आर्लिस, माझ्या घरात एकच."

मी काही कजाग बाई नाही. पण माझा पहिला नवरा, हॉबर्ट, शेरीफचा डेप्युटी होता, आणि देवाघरी गेला तेव्हा मागे गळ, जाळी, बूट, कंदील, मोडकी रेडिओची खोकी असा नुसता डोंगर ठेवून गेला. तो डोंगर उपसता उपसता माझ्या नाकी नऊ आले. प्रत्येक खोकं उघडायचं, रडायचं, मग कुणाला तरी देऊन टाकायचं. आता कुठे घराला जरा भिंती दिसायला लागल्या होत्या. पुन्हा कुठल्या पुरुषाचा डोंगर माझ्या घरात नको होता. उशाशी एक रिव्हॉल्व्हर ठीक आहे. बागेत साप निघतात, कोंबड्यांवर कोल्ह्यासारखे कोयोटी येतात. त्यापुढे नाही म्हणजे नाही.

"एकच?" आर्लिसने तेव्हा विचारलं होतं.

"एकच. घर माझं आहे, संग्रहालय नाही."

त्याने मान हलवली, टोपी घातली आणि निघून गेला. मला वाटलं, आठवड्यात ठरवेल.

कसलं काय! एप्रिलमध्ये म्हणाला, स्मिथ कंपनीचं जुनं पोलिसी आणतो. मे महिन्यात म्हणाला, स्मिथ नको, कोल्टच बरं. स्मिथचं गोळ्यांचं चक्र उघडायला अंगठ्याने खिट्टी पुढे ढकलावी लागते आणि कोल्टची मागे ओढावी लागते, आणि त्याचा अंगठा म्हणे जन्माचा कोल्टवाला. जूनमध्ये ती निळीशार महागडी कोल्ट पायथन पक्की झाली. तिला मी महाराणी म्हणते, कारण ती मऊ मोज्यात गुंडाळून ठेवलेली असते आणि तिच्यावर कुणी श्वास सोडला तरी आर्लिस फडकं घेऊन धावतो. जुलैमध्ये महाराणी फार नाजूक निघाली आणि दणकट रुगरचा नंबर लागला. ऑगस्टमध्ये रुगर मागे पडलं. सप्टेंबरमध्ये मी विचारायचंच सोडलं.

त्याची धाकटी बहीण ओपल तर माझ्याहून वैतागलेली. तिला ती माळ्याखालची खोली शिवणयंत्रासाठी हवी होती.

"वहिनी, तू जरा दटाव ना त्याला," ती मला फोनवर म्हणायची. लग्नाचा पत्ता नाही, पण मी वहिनी झालेले. "दादा जेवताना दोन दोन रिव्हॉल्व्हर समोर ठेवून बसतो. मी म्हटलं, पावावर रस्सा वाढू की बंदुकीचं तेल ओतू?"

"मी काय दटावणार? उतावळी नवरी आणि गुडघ्याला बाशिंग असं दिसेल लोकांना."

"दिसू दे! मला खोली मिळू दे."

पण खरं सांगते, हसण्यावारी नेलं तरी आतून मला लागलं होतं. या वयात बाई हो म्हणते तेव्हा ती सहज म्हणत नाही. मी आरशासमोर उभी राहून हो म्हणायची तालीम केली होती. आणि हा गृहस्थ लोखंडाच्या आठ तुकड्यांतून एक उचलू शकत नाही, म्हणजे याला मी हवी आहे की नाही? माझी बहीण नॅडीन तिकडे चॅटनूगाहून सारखी बोलावत होती. घर विक, माझ्याकडे ये, दोघी मिळून राहू. शेवटी मी आर्लिसला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं.

"क्लबच्या घेवड्याच्या जेवणापर्यंत ठरव. त्याच्या पुढच्या शनिवारी पाद्री मोकळा आहे, मी विचारलंय. जेवणाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर ठेवलं नाहीस, तर मी नॅडीनला फोन करणार आणि चॅटनूगाला जाणार. कायमची."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "व्हर्ना, असं नको गं बोलू."

"बोलले."

आमच्या नेमबाजी क्लबचं घेवड्याचं जेवण म्हणजे ऑक्टोबरातली मोठी गोष्ट. सकाळपासून कढईत घेवडा आणि डुकराचं हाड शिजत असतं, मक्याचे पाव ओळीने मांडलेले असतात, आणि जेवणाआधी दुपारभर पुरुष आणि आम्ही चारदोन बायका मैदानावर बार काढतो. आर्लिस आला तो ओपलच्या ट्रकमधून. पत्र्याच्या छपराखालच्या लांब मेजावर ओपलने जुनी गोधडी पसरली, आणि त्याने आठही रिव्हॉल्व्हरं एकेक करून मांडली. सगळ्यांची चक्रं उघडी, सगळी रिकामी, नळ्या मातीच्या बांधाकडे. बाळंतिणीच्या खोलीत जमावं तशी मंडळी भोवती जमली.

मग काय, ज्याला त्याला वाचा फुटली. एक म्हणतो, स्मिथ घे, पोलिसांनी काय उगाच वापरलं का? दुसरा म्हणतो, स्मिथचं चक्र डावीकडे फिरतं, कोल्टचं उजवीकडे, आणि देवाने घड्याळ कुठल्या बाजूला फिरवलंय ते बघ! तिसरा म्हणतो, घड्याळ देवाने नाही, स्विस लोकांनी केलंय. आर्लिस मधे उभा, कपाळावर घाम, हे उचलतोय, ते ठेवतोय. एक ना धड भाराभर चिंध्या.

मी हाताची घडी घालून खांबाला टेकले होते. सूर्य त्या टेकडीमागे गेला की माझा शब्द मला पाळावा लागणार होता, आणि मी एकदा बोलले की मागे घेत नाही, हे अख्ख्या खोऱ्याला माहीत.

शेवटी डॉयलकाका पुढे आले. क्लब त्यांच्याच जमिनीवर आहे. वय एवढं, की त्यांच्याशी वाद घालणारे सगळे कबरस्तानात गेले.

"गप्प बसा रे गाढवांनो," ते म्हणाले. "डोक्याने ठरत नसेल तर हाताने ठरवायचं. आमच्या बापाच्या वेळी काय करायचे? डोळे मिटायचे. कुणीतरी हातात रिव्हॉल्व्हर द्यायचं, रिकामं. न बघता समोरच्या फळीवर रोखायचं आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची पात मागच्या खाचेत नीट बसलेली दिसली आणि फळीवरच असली, तर ते तुमचं. नाही, तर कितीही देखणं असो, दुसऱ्याचं."

सगळ्यांना पटलं. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं खरं तर, आमच्याकडे पोरापोरींचं पहिलं रिव्हॉल्व्हर असंच ठरतं. पण आठ आठ रिव्हॉल्व्हरं बाळगणाऱ्या शहाण्याला हे सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"चला, मग करा सुरू," मी म्हणाले.

तेवढ्यात ओपल माझ्याकडे वळली. "आणि तुझं?"

"माझं काय?"

"तुझं रिव्हॉल्व्हर. उशाशी असतं ते. तेही चार इंचीच आहे ना? घरात एकच राहणार, हा तुझाच नियम. मग तुझं का नाही मेजावर?"

"ते हॉबर्टचं आहे," मी म्हणाले.

आर्लिस गोधडीवरची सुरकुती सारखी करायला लागला.

"असू दे की. पण मोजायला नको का?" ओपल मनाने वाईट नाही, तोंडाने तेवढी सरळ. "दादाने सात सोडायची आणि तू एक पण मांडायचं नाही? हा कुठला न्याय?"

मला असा राग आला म्हणून सांगू! कानशिलं तापली. "मांडते की! मी काय घाबरते?" असं म्हणत तरातरा माझ्या ट्रककडे गेले, बार काढायला आणलेलं हॉबर्टचं रिव्हॉल्व्हर पेटीतून काढलं, चक्र उघडून गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि ते आणून गोधडीच्या टोकाला ठेवलं. त्या आठांशेजारी ते अगदीच दरिद्री दिसत होतं. साधं पोलिसी स्मिथ, चामड्याच्या म्यानात घासून घासून नळीचं काळं उडालेलं, खालून पांढरं लोखंड दिसणारं. मुठीचं लाकूड हॉबर्टने स्वतः चाकूने तासून बारीक केलेलं, कारण त्याचा पंजा लहान होता. त्या तासलेल्या मुठीला विक्रीत कुणी दमडी दिली नसती. आर्लिसच्या महाराणीसमोर ते म्हणजे लग्नात आलेला गवंडी.

"झालं समाधान?" मी ओपलला म्हटलं.

"झालं," ती म्हणाली.

डॉयलकाकांनी नऊही रिव्हॉल्व्हरं स्वतः तपासली, प्रत्येक चक्राच्या भोकांत बोट घालून. मग आर्लिसला बांधाकडे तोंड करून उभं केलं. समोर पांढरी फळी. मी आणि ओपल त्याच्या खांद्यामागे, साक्षीदार म्हणून. खांद्यावरून वाकून बघितलं की पात आणि खाच आम्हालाही दिसत होती.

"मीट डोळे. चोरून बघशील तर घेवडा मिळणार नाही."

आर्लिसने डोळे मिटले. पहिली आली महाराणी. त्याने हात वर केला, डोळे उघडले, आणि नळी चक्क शेजारच्या मेपलच्या झाडाकडे. मंडळी खो खो हसली. "महाराणींना झाड आवडलं!" कुणीतरी ओरडलं. मग रुगर आलं, ते आभाळाकडे. जुनं स्मिथ जरा बरं, पण डावीकडे. निकेलचं चकचकीत एक होतं, त्याची पात खाचेत शोधूनही सापडेना. आर्लिसचं मधलं बोट खाणीत तारेखाली चेंगरलं होतं, तेव्हापासून ते नीट वळत नाही. त्यामुळे भरीव मूठ हातात आली की मनगट तिरकं होतं. इतकी वर्षं डोळ्यांनी सावरून घेत होता, म्हणून कळलं नव्हतं. प्रत्येक वेळी हशा, प्रत्येक वेळी आर्लिस ओशाळून हसायचा, "हेही नाही" म्हणायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा. साध्या जुन्या कोल्टची पात जराशी खाली होती, फळीच्या पायाशी. त्यातल्या त्यात तेच जवळ.

मी मनात म्हटलं, असू दे, तेवढं पुरे, ते कोल्ट घे आणि संपव एकदा.

मग डॉयलकाकांनी काही न बोलता हॉबर्टचं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं.

आर्लिसचा हात वर गेला. मी खांद्यावरून पाहिलं. पात खाचेत, दोन्ही बाजूंना सारखी फट, आणि टोक पांढऱ्या फळीच्या मधोमध. हलतसुद्धा नव्हतं. त्या तासलेल्या मुठीवर त्याचं न वळणारं बोट असं बसलं होतं, जणू त्याच्यासाठीच कुणी लाकूड काढून ठेवलं होतं. ओपलने माझा दंड धरला.

"उघड," काका म्हणाले.

त्याने डोळे उघडले. पाहिलं. मग त्याने मनगट हळूच खाली सोडलं, नळी गवताकडे गेली, आणि तो म्हणाला, "नाही. हेही नाही. खाली जातंय."

वळला. हॉबर्टचं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी गोधडीवर ठेवलं, आणि त्या साध्या कोल्टवर बोट ठेवलं. "हे. ठरलं. व्हर्ना, हे आणतो. हेच माझं आवडतं."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. कुणी कढईवर डाव बडवला. आर्लिस हसत होता, पण चेहरा पांढराफटक.

"खोटारड्या!" मी ओरडले.

डाव वाजायचा थांबला.

"मी तुझ्या खांद्यामागे उभी होते, आर्लिस मन्सी. मला काय मोतीबिंदू झालाय? पात मधोमध होती. ओपल, होती की नाही?"

"होती," ओपल हळू आवाजात म्हणाली.

"मग खोटं का बोललास? इतक्या लोकांसमोर? सहा महिने, सात महिने मला टांगून ठेवलंस, आणि आज हात स्वतःहून बोलला तर त्याचंही तोंड दाबलंस!"

आर्लिसने टोपी काढली. तो चारचौघांत बोलणारा माणूस नाही. टोपी फिरवत राहिला, मग माझ्याकडे बघितलं.

"तू एकच म्हणालीस," तो म्हणाला. "मी माझं एक आणलं, तर ते हॉबर्टचं कुठे जाणार? त्याचे गळ गेले, बूट गेले, सगळं तू रडून रडून काढलंस, मला माहीत आहे. तेवढं एकच उशाशी ठेवलं होतंस. मी रोज ठरवायचो, उद्या कोल्ट घेऊन जातो, स्मिथ घेऊन जातो, आणि मग वाटायचं, व्हर्नाला ते काढून ठेवावं लागेल. म्हणून ठरवायचोच नाही." तो थांबला. "मी त्याच्या घरात राहायला येणार, त्याच्या खुर्चीत बसणार, त्याच्या बायकोच्या हातचं खाणार. आता त्याचं रिव्हॉल्व्हरही माझ्याच हातात चपखल बसतंय म्हणून सांगू? ते तरी त्याचं राहू दे की, व्हर्ना."

मी याला चंचल म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं, नॅडीनला फोनवर बरंच काही म्हटलं होतं. आणि हा बावळट माणूस इतके महिने माझ्या मेलेल्या नवऱ्याची जागा राखत बसला होता, माझ्या शिव्या खात. मी मात्र ते रिव्हॉल्व्हर कधी मोजलंच नव्हतं. माझ्या लेखी ते रिव्हॉल्व्हर नव्हतंच, तो हॉबर्टच होता. डोळे भरून आले माझे, आणि मला चारचौघांत रडायला अजिबात आवडत नाही, म्हणून मी आणखी जोरात ओरडले.

"इकडे ये! उभा राहा तिथे! बांधाकडे तोंड कर!"

"व्हर्ना..."

"वळ म्हणते ना!"

तो वळला. मी गोधडीवरून हॉबर्टचं रिव्हॉल्व्हर उचललं, चक्र पुन्हा उघडून पाहिलं, बंद केलं, आणि त्याच्या हातात दिलं.

"मीट डोळे."

त्याने मिटले. पापण्या ओल्या होत्या. हात वर गेला आणि फळीवर थांबला.

"उघड. आता खरं सांग. पात कुठे आहे?"

डॉयलकाका पुढे वाकून बघायला लागले.

"मधोमध," आर्लिस म्हणाला.

"मोठ्याने."

"मधोमध आहे, व्हर्ना!"

"हां. असंच एका दमात शनिवारी पाद्र्यासमोर बोलायचं."

मग जो गलका उठला, विचारू नका. डॉयलकाकांनी टोपी बांधावर भिरकावली. ओपल रडत होती आणि हसत होती, आणि मधेच तिला काहीतरी आठवलं. "थांबा, थांबा! म्हणजे ही आठच्या आठ माझ्याच घरात राहणार? आणि माझं शिवणयंत्र?"

कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आर्लिस अजून तसाच बांधाकडे तोंड करून उभा होता, नळी सांभाळून खाली धरलेली.

"व्हर्ना," त्याने मागे न बघता विचारलं, "मग माझं कुठलं आणू?"

"आणायचं कशाला?" मी म्हटलं. "तुझं तुझ्या हातात आहे."